पोच

मी कचेरीतला. खिडकी क्रमांक तीन, वरचा मजला,
जांभ्याच्या सतरा पायऱ्या, श्रावणात शेवाळ.
एकवीस वर्षं लोकांना एकच वाक्य देत आलो:
"ठेवून जा. बघतो."
लोक ठेवून जात. मी बघत नसे.

द्वारकी कुबल खाडीपलीकडून आली, पहिल्या तरीनं.
पिशवीत बँकेचं पुस्तक, पुस्तकात सात महिने कोरे.
यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला घासला, पुन्हा ठेवला. लाल.
पन्नास वर्षं कालवं फोडून
बोटांवरच्या रेषा शिंपांनीच खाल्लेल्या.
म्हटलं, आजी, यंत्राच्या मते तुम्ही हयात नाही.
"मगे जिनो कोण चढलां रे? माझां भूत?"
रांग हसली. मीही हसलो.
मग नेहमीचं: ठेवून जा.
"ठेवतंय. पण पोच दी."

पोच.
शब्द टेबलावर पडला ओल्या माशासारखा,
कुठे धरावा कळेना.
शिक्का होता, शाई वाळलेली.
म्हटलं, तशी पद्धत नाही.
"तर मी हंयच बसतंय, पद्धत येयसर."

पुढल्या मंगळवारी ती एकटी नव्हती.
दाऊद होडेकर, लाँचवरचा सारंग, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
इनास डिसोजा, भट्टीनं कोपरापर्यंत भाजलेला.
सखू घाडी, जिचं नाव कुठल्याच कागदात
नवऱ्याच्या आधी येत नाही.
घोषणा नाही, झेंडा नाही.
सतरा पायऱ्यांवर सतरा म्हातारी माणसं.
मला वर जायचं तर प्रत्येकाला
"जरा सरका" म्हणावं लागे,
आणि प्रत्येक जण नाव सांगूनच सरके.
दुपारपर्यंत मला तालुका पाठ झाला.

असे अकरा मंगळवार.
मग वरून पत्र: साठीपुढल्यांची खिडकी तळमजल्यावर, उतारासकट;
अंगठा उठला नाही तर वहीत साक्ष;
दर अर्जाला तारखेची पोच.
आम्ही म्हणालो, म्हाताऱ्यांचं खूळ, चार दिवस चालेल.

चार दिवस कसले.
उतारावरून आधी चाकाची खुर्ची आली,
मग सातव्या महिन्यातली पोटुशी, मग सिलिंडरवाला,
मग शाळा सुटली की पोरं, घसरगुंडी म्हणून.
कॉलेजातली मुलगी दाखल्याला आली,
"आजीला देता ती मलाही द्या."
रापणवाल्यांनी मत्स्य खात्याकडे मागितली,
कलमवाल्यांनी विमा कंपनीकडे.
ग्रामसभेत कुणीतरी उठलं:
मागचा ठराव मोठ्यानं वाचा, दाऊदभाईंना दिसत नाही.
वाचला.
तेव्हा कळलं सगळ्यांनाच,
आपण काय मंजूर करून बसलो होतो.
सरपंच दोन महिने गप्प.

सगळं सुधारलं असं नाही. यंत्र तेच.
सखूचा कागद जिल्ह्याला गेलाय; पोच आहे, पैसे नाहीत.
इनासचे आले, त्याच्या महिन्याच्या मिसानंतर.
मुलानं सही केली
आणि सहीचीही पोच मागितली.

परवा मी बँकेत गेलो, बायकोच्या नावाची दुरुस्ती.
पलीकडचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
ठेवून जा, बघतो.
आणि मी, कचेरीत उभ्या जन्मात मालवणी न बोललेला,
माझ्याच तोंडून ऐकलं:
"ठेवतंय. पण पोच दी."

आज द्वारकी पुन्हा आली.
तळमजल्यावरचं बाकडं भिंतीकडे तोंड करून ठोकलंय.
बसणाऱ्याला खाडी दिसत नाही,
तर सुटली तरी कळत नाही.
अर्ज एका ओळीचा: बाकडं फिरवा.
आवक क्रमांक दोनशे चौदा.
शिक्का मारला. शाई ओली होती.

बाकडं अजून भिंतीकडेच आहे.
पोच तिच्या पिशवीत.